तीन वाजताची नोंद

पुलाच्या दुसऱ्या खांबावर लोखंडी पट्टी,
पांढऱ्यावर काळे आकडे, बोटाबोटावर रेघ.
पावसाळ्याचे चार महिने मी ती वाचतो,
दिवसातून तीनदा, पाणी चढू लागलं की दर तासाला,
आणि पणजीला फोन करतो.
पलीकडची मुलगी आकडा परत म्हणते,
"दोन-चाळीस. बरोबर?"
बरोबर.

पट्टीवर लिहिलेलं नाही ते असं:
दोन-साठला बांधावरची वाट बुडते,
सांतान पोदेर पलीकडूनच भोंगा वाजवतो, सायकल वळवतो,
त्या दिवशी वाड्यावर चहाबरोबर पाव नाही.
तीन-दहाला म्हादई कुळागरात शिरते,
आधी पाटानं, मग कुठूनही.
माडत्यांना सवय आहे, केळींना नाही.
तीन-नव्वदला शाणू माजिकाची बायको
भाताची पोती माळ्यावर चढवून मोकळी झालेली असते.
तिला मी कधी आकडा सांगितलेला नाही.
ती पायरीवरचे मुंगळे बघते.

पट्टी सहा मीटरला संपते.
रंगवणाऱ्यानं विचारलं होतं, "आणखी वर?"
साहेब म्हणाले, "कशाला?"

नागपंचमीला दोन दिवस होते,
हळदीची पानं अजून कुणी खुडली नव्हती.
एक वाजता पाच-तीस.
दोन वाजता पाच-पंचाण्णव, बॅटरीच्या उजेडात.
तळाशी धोंडे घरंगळत होते,
ते कानाला नाही, कठड्यावरच्या तळव्याला ऐकू येत होतं.
एक फणस मुळांसकट गेला.
मागून कुणाची म्हैस,
पोहत होती की वाहत होती, कळलं नाही.
मी म्हटलं, "सहाच्या वर जाणार. खालच्या गावांना सांगा."
मुलगी थांबली. तिचाही आवाज जागरणाचा.
"'जाणार' लिहायला रकाना नाही हो इथे.
तीनची नोंद तेवढी चुकवू नका."

अडीचला द्रौपदीमावशीच्या पडवीतला दिवा विझला.
घर मातीचं, नदीच्या अंगाला.
मुलगा मडगावात, हॉटेलात भांड्यांवर.
मी पट्टीकडे पाहिलं. पट्टी नव्हतीच,
जिथे सहा होते तिथे पाणी पाठ फिरवून चाललं होतं.

मावशी चुलीच्या ओट्यावर उभी, छातीपर्यंत,
डोक्यावर पाटली, पाटलीत कोंबडी.
"हळू रे. खुडूक आहे ती. अकरा अंडी आहेत खाली."
मी तिला पाठीवर घेतली, तिनं त्या अकरांना.
गोठ्याशी पोचलो तेव्हा मागं भिंत बसली,
ओलं पोतं टाकावं तशी,
फार आवाजही न करता.

पाच वाजता परत पुलावर: पाच-ऐंशी, उतरतं.
फोनवर मुलगी: "आणि तीनची? चारची?"

पाणी गेलं तेव्हा पुरणाच्या शेतांत वाळू.
गाळ आला असता तर म्हातारे हसले असते;
काठी खुपसून बघितली, कोपरभर नुसती वाळू,
त्यात एक चप्पल, गॅसची शेगडी,
आणि वरच्या कुठल्याशा गावचा शाळेचा फळा,
त्यावर तारीख अजून वाचता येत होती.

मग कचेरीचं पत्र: पहाटेच्या दोन नोंदी निरंक का?
मग जीपमधून दोघे आले, दुर्बीण लावली,
देवळाच्या दीपमाळेवर चिखलाची रेघ शोधली,
सहा-अठ्ठेचाळीस, लाल शाईनं वहीत भरलं.
"झालं, आता पूर्ण आहे," म्हणाले.
खालच्या गावांत त्या रात्री कोणाला किती वाजता कळलं,
हे मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.
खुलाशाच्या दोन ओळी लिहिल्या, खोडल्या,
शेवटी लिहिलं: स्थानिक कारणास्तव.

अकरांतली सात फुटली.
मावशी आता देवळाच्या अग्रशाळेत असते.
तिन्हीसांजेला पुलावर येते, कठड्याला हात लावून विचारते,
"आज कितें म्हणटा न्हंय?"
मी सांगतो.
ती आकडा परत म्हणत नाही.